गिऱ्हाइकाचा सण आणि आपली दुकानदारी

बंधूंनो, आपल्या दुकानात गज असतो, कात्री असते, वहीखाते असते. भिंतीवर हिजरी तारखांचे कॅलेंडर असते. पण एक वस्तू फार थोड्या दुकानांत दिसते, ती म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरचे पंचांग. ज्याच्या पैशावर आपली चूल पेटते, त्याच्या घरी कोणता महिना चालू आहे, कोणता सण आला, कोणत्या दिवसांत तो खरेदी करतो आणि कोणत्या दिवसांत हात आखडता घेतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आपण दुकानदार कसे म्हणावे? आम्ही स्वतः असे अडाणी दुकानदार होतो. त्याची किंमत मोजली, म्हणून हा धडा लिहीत आहोत.

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. मराठी आम्ही दुकानाच्या गादीवर बसून शिकलो. मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी आमच्या वालिदांचे कापडाचे दुकान होते. सुरतच्या साड्या, इचलकरंजीचे धोतर, सोलापूरचे टॉवेल असा सर्वसाधारण माल. १९९८ साली त्यांचा इंतकाल झाला आणि गल्ला आमच्या हाती आला.

एका उन्हाळ्याचे नुकसान

१९९९ च्या मार्च-एप्रिलमध्ये आम्ही लग्नसराईचा माल भरला. आमचा हिशोब साधा होता. मे महिना म्हणजे लग्नांचा महिना. मागच्या वर्षी जेवढे विकले त्याच्या दीडपट आणावे. आहेराच्या साड्या, शालू, टॉवेल-टोपी, फेट्याचे कापड यांनी कपाटे भरली. बराचसा माल उधारीवर होता. सुरतच्या पेढीला दोन महिन्यांत पैसे पोहोचवायचे होते.

मेचा पहिला पंधरवडा चांगला गेला. पुढे दुकान एकदम थंड पडले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन परकर आणि चार रुमाल! आम्हाला वाटले, कोणी आमच्याविषयी काही पसरवले असेल. तीन-चार दिवस मनात नको ते विचार येत राहिले. शेवटी शेजारच्या भांड्यांच्या दुकानातले काका म्हणाले, "अहो भाई, यंदा ज्येष्ठ अधिक आहे. धोंड्याचा महिना लागला. आता लग्न नाही, मुंज नाही. कोणी पसरवलं-बिसरवलं काही नाही, तुम्ही पंचांग बघितलं नाही एवढंच."

त्या वर्षी अधिक ज्येष्ठ १६ मे ते १३ जून असा होता. तो संपेपर्यंत मृग निघाला, पेरण्या लागल्या, शेतकऱ्याचा पैसा बी-बियाण्याकडे वळला. योगायोग असा की, हिजरी सालाचा तो सफर महिना होता. सफरमध्ये निकाह करू नये अशी एक निराधार समजूत आपल्यातल्या काही घरांत आहे, त्यामुळे तीही गिऱ्हाइकी आली नाही. माल कपाटात आणि देणे डोक्यावर. घरातले सोने विकून आम्ही पेढीचे पैसे चुकते केले. अब्रू राहिली, पण घरच्या माणसाच्या हातातल्या बांगड्या गेल्या.

समोरच्या दुकानात मात्र त्याच महिन्यात गर्दी होती. धोंड्याच्या महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावतात, जेवू घालतात, जावयाला कपडे आणि लेकीला साडी देतात. समोरच्यांनी शर्ट-पँटचे जोड, धोतर-उपरणे आणि मध्यम किमतीच्या साड्या मांडल्या होत्या. महिना एकच होता. त्याने एक दरवाजा बंद केला होता आणि दुसरा उघडला होता. आम्ही बंद दरवाजासमोर उभे होतो.

पावसाळ्यात पेटी आवरताना वालिदांची जुनी बयाज सापडली. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. म्हणून त्यांनी चैत, बैसाख, जेठ, असाढ सगळे महिने उर्दू लिपीत लिहून ठेवले होते. कोणत्या गावची जत्रा केव्हा, तिथून कोणते कापड मागतात, कोणत्या पाटलाकडे सालगडी किती, सारे काही होते. १९८० सालाच्या पानावर लिहिले होते : "धोंडे का महीना. शादी का माल कम, दामाद का कपडा ज़्यादा." १९८० सालीही ज्येष्ठच अधिक आला होता. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या वालिदांनी आमच्यासाठी उत्तर लिहून ठेवले होते. आम्ही जुनी कागदपत्रे म्हणून ते पेटीत टाकले होते.

चंद्र एकच, हिशोब दोन

हा हिशोब प्रत्येक व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा. हिजरी महिना चंद्रावर चालतो आणि मराठी महिनाही चंद्रावरच चालतो. अमावास्या झाली की दुसऱ्या दिवसापासून मराठी महिना सुरू होतो. चंद्र दिसला की एक-दोन दिवसांच्या फरकाने आपला महिना सुरू होतो. म्हणजे दोन्हींचे महिने जवळजवळ बरोबर चालतात. मग ईद पुढे-मागे का होते आणि दिवाळी तिथेच का राहते?

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौरवर्ष ३६५ दिवसांचे. फरक अकरा दिवसांचा. हिजरी सालात हा फरक भरून काढत नाहीत, म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. पंचांगात मात्र साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून फरक भरतात. तोच अधिक महिना. म्हणून दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून जात नाही.

यातून दुकानदाराला एक सोपा नियम मिळतो : जितके अधिक महिने येतात, तितके मराठी महिने ईद मागे सरकते. २००५ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होते आणि ईद ५ नोव्हेंबरला, म्हणजे कार्तिकात. त्यानंतर २०२५ पर्यंत सात अधिक महिने आले. ईद सात महिने मागे सरकून चैत्रात आली. २०२५ मध्ये गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला झाली. त्याच्या आदल्या वर्षी पाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ एप्रिलला होती. दोन्ही वर्षी दोन्ही घरांची खरेदी एकाच आठवड्यात आली. ज्याने आधी ओळखले त्याने माल दुप्पट ठेवला, शिंपी आधी बांधून घेतला. ज्याने ओळखले नाही त्याच्याकडे चाँदरातीला मुलांच्या कुर्त्यांची मापे संपली होती.

आणखी एक गोष्ट. एकोणीस वर्षांनी पंचांग बहुतेक त्याच तारखांवर येते. १९९९ चा अधिक ज्येष्ठ २०१८ साली पुन्हा १६ मे ते १३ जून असाच आला. या वेळी आम्ही जानेवारीतच पाहून ठेवले होते. लग्नाचा माल एप्रिलपुरताच आणला. त्या वर्षी रमजान १७ मेच्या सुमारास लागला, ईद १६ जूनला झाली. म्हणजे अधिक महिना आणि रमजान जवळजवळ एकच. एका बाजूला जावयाचे जोड आणि दुसऱ्या बाजूला ईदचे कपडे. ज्या महिन्याने आम्हाला १९९९ मध्ये बुडवले, त्याच महिन्याने २०१८ मध्ये अल्लाहच्या कृपेने तारले.

कापड दुकानाचे वर्ष

आमच्या धंद्याचा नमुना देतो. इतरांनी आपापल्या मालाप्रमाणे तो बदलून घ्यावा.

चैत्रात गुढीपाडवा. गुढीला नवे वस्त्र लागते : खण, काठाची साडी किंवा रेशमी कापड. गुळेदगुड्डचा खण आधी आणून ठेवावा. आमच्या भागात सालगड्याचे सालही पाडव्याला बदलते आणि बोलीत कपड्याचा जोड ठरलेला असतो. हे गिऱ्हाईक एकेका जोडाचे नसते, पाटील एकदम पाच-दहा जोड नेतात. पुढे १४ एप्रिल, डॉ. आंबेडकर जयंती. बौद्ध बांधवांच्या घरी पांढरी साडी, पांढरा सदरा आणि निळा रुमाल यांची मागणी असते. कित्येक दुकानदार पांढरी साडी ठेवतच नाहीत. ही साडी वैशाख पौर्णिमेला आणि पुन्हा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लागते, म्हणून उरली तरी पडून राहत नाही.

आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्ने होत नाहीत. हा काळ लग्नाच्या मालाचा नव्हे. पण श्रावणात नागपंचमीला लेकी माहेरी येतात, राखीपौर्णिमा येते, अमावास्येला पोळा. बैलाच्या झुलीचे जाड रंगीत कापड, गोंड्यांसाठी दोरा-लोकर हा माल छोटा, पण नगदी आहे. भाद्रपदात गौरी येतात. गौरीला नवी साडी आणि खण लागतो आणि घरची बाई त्याच खेपेला स्वतःचीही खरेदी करते. त्यानंतर पितृपक्षाचा पंधरवडा. त्यात पुष्कळ लोक नवी खरेदी टाळतात. हे दिवस माल मोजण्याचे, उधारी वसूल करण्याचे आणि दुकान रंगवण्याचे.

नवरात्रात देवीची ओटी भरतात. ओटीचा खण आणि ब्लाउज पीस गठ्ठ्याने जातात. गेल्या वीसेक वर्षांत नऊ दिवस नऊ रंगांच्या साड्या नेसण्याची रीत शहरांतून गावोगाव पोहोचली आहे. रंगांची यादी आधी मिळते. ती दुकानात लावावी आणि त्या रंगांच्या हलक्या साड्या पुढे मांडाव्यात. दसरा, दिवाळी, भाऊबीज यांविषयी सांगायला नको. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा लग्नसराई उघडते. संक्रांतीला काळी साडी, लहान मुलांच्या बोरन्हाणाला काळे झबले, आणि रथसप्तमीपर्यंत चालणाऱ्या हळदीकुंकवात वाण म्हणून लुटायला रुमाल आणि ब्लाउज पीस. एरवी वर्षभर न खपणारे काळे कापड या पंधरा दिवसांत खपते.

कारागिरांसाठी

कोणी म्हणेल, हे दुकानदारांचे झाले, कारागिराचे काय? आपल्या कारागिरांची रोजी तर पहिल्यापासूनच इथल्या सणवारात गुंफलेली आहे. मणियार सुवासिनींच्या हातात चुडा भरतात. अत्तार जत्रेत बुक्का, अबीर, गुलाल, कुंकू विकतात. पिंजारी गाद्या-रजया भरतात. बागवानांकडून पूजेची फळे-फुले जातात, तांबोळ्यांकडून विड्याची पाने. आपल्या वाडवडिलांनी ही कामे कोणाचा उपकार म्हणून केली नाहीत आणि कमीपणाची समजूनही केली नाहीत.

मिरजेचे उदाहरण घ्या. तिथे शिकलगार हत्यारे बनवीत. एकोणिसाव्या शतकात संस्थानांची हत्यारे थंडावली, तशी या कारागिरांची रोजी अडली. फरीदसाहेब सितारमेकर यांच्या घराण्याने तंतुवाद्यांचे काम हाती घेतले. वाद्यासाठी मोठा भोपळा लागतो, तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात पिकतो. हिंदू शेतकऱ्याचा भोपळा, मुस्लिम कारागिराचा हात, आणि तंबोरा वाजतो भजनात, कीर्तनात, गवयाच्या मैफलीत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांनी इथल्या लोकांना कोणता सूर लागतो हे समजून घेतले नसते, तर हत्यारांबरोबर त्यांचा धंदाही गंजला असता.

मर्यादा कोठे आहे?

आता एक नाजूक प्रश्न. काही बंधू विचारतात, दुसऱ्याच्या सणासाठी माल विकणे, त्यांच्या आनंदात जाणे हे दीनच्या दृष्टीने कसे? आम्ही कापडवाले आहोत, मुफ्ती नाही. एखाद्या विशिष्ट वस्तूविषयी शंका असेल तर जाणत्या आलिमांना विचारावे आणि त्यांनी नको म्हटलेली वस्तू ठेवू नये. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. उकाज, मजन्ना आणि जुल-मजाज हे जाहिलियतच्या काळापासून भरणारे बाजार होते. इस्लाम आल्यानंतर हजच्या दिवसांत तिथे व्यापार करायला लोक संकोचू लागले. तेव्हा सूरह बकराची १९८ वी आयत उतरली आणि त्या दिवसांत रोजी शोधण्यात गुन्हा नाही हे स्पष्ट झाले, असे सहीह बुखारीत हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेले आहे. याचा अर्थ आपल्या सोयीने ताणू नये. पण बाजार जुना आहे किंवा दुसऱ्यांचा आहे एवढ्यावरून हलाल व्यापार सोडायचा नसतो, एवढे तरी यातून कळते.

सामील होणे म्हणजे इबादतीत मिसळणे नव्हे. पूजा त्यांची, नमाज आपली. परंतु शेजाऱ्याला शुभेच्छा देणे, मिरवणुकीच्या वाटेवर पाणी वाटणे, वारकऱ्यांना केळी देणे, १४ एप्रिलला सरबताची टाकी लावणे यांत कोणाचे काय जाते? वर्गणी मागायला आलेल्या मुलांवर दुकानात बसून चिडचिड करू नये. जे मनाला पटत नाही ते नम्रपणे सांगावे आणि मंडळाच्या रक्तदानाला, शाळेच्या वह्यांना, पाण्याच्या टँकरला मोकळ्या हाताने द्यावे. आमचा अनुभव असा की, मुलांना नकाराचा राग येत नाही, नकार देण्याच्या पद्धतीचा येतो.

आपल्या लोकांनी हे समजूतदारपणे करून दाखवले आहे. २९ जून २०२३ रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपूरसह अनेक ठिकाणच्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचे ठरवले, कारण कुर्बानीला पुढचेही दिवस असतात. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आले, तेव्हा मुंबईत आणि अन्य ठिकाणी मिलादचे जुलूस दुसऱ्या दिवशी निघाले. दीनचे काही कमी झाले नाही आणि बाजार दोन्ही दिवस सुरळीत चालला.

नाव लपवू नका, माल हलका देऊ नका

अलीकडे काही तरुण सल्ला देतात की पाटीवरचे नाव बदला, कोणाला कळणार नाही असे ठेवा. दुकानाला कोणतेही चांगले नाव द्यावे, हरकत नाही. पण आपण कोण हे लपवण्यासाठी नाव बदलणे म्हणजे सौद्याच्या पहिल्याच शब्दात खोट. गिऱ्हाईक आज ना उद्या ओळखते आणि मग आपल्या खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवत नाही. आमचे वालिद दाढी-टोपीत बसून गौरीच्या साड्या विकत. बायका त्यांना चाचा म्हणत आणि रंग जाणार नाही ना, एवढेच विचारत. ते स्वतः साडीचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर घासून दाखवत.

सणाचा माल म्हणून हलका माल खपवणे हा दुसरा दोष. एकदा नवरात्रात आमच्याकडूनच अशी चूक झाली. एका गावच्या बायकांनी ओटीसाठी सव्वाशे खण नेले. त्यातल्या एका ताक्याचे खण चार बोटे आखूड निघाले. कापणाऱ्या मुलाने घाई केली होती आणि आम्ही तपासले नाही. अष्टमीला निरोप आला. आम्ही रात्रीच नवे खण घेऊन त्या गावी गेलो, माफी मागितली, पैसे घेतले नाहीत. त्या गावची लग्ने आजही आमच्याच दुकानातून होतात. एरवीची चूक गिऱ्हाईक विसरते. सणात झालेली फसवणूक घरातल्या गोष्टीसारखी वर्षानुवर्षे सांगितली जाते, आणि सणात राखलेली अब्रूही तशीच सांगितली जाते.

बहिष्काराला उत्तर

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, आपण कितीही मिसळलो तरी काही ठिकाणी आपल्याला जत्रेत जागा नको म्हणतात, त्याचे काय? दुःख खरे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील मढीच्या यात्रेत मुस्लिम दुकानदारांना येऊ देऊ नये, असा ठराव राज्यभर गाजला. अशा वेळी कायद्याची दाद जरूर मागावी. तो आपला हक्क आहे. पण कायद्याचा कागद दुकान लावून देतो, गिऱ्हाईक आणून देत नाही. गिऱ्हाईक येते ओळखीने. ज्या गावात तीन पिढ्या आपण बांगड्या भरल्या, तिथली म्हातारी म्हणते, "आमचा मणियार कुठाय?" त्या एका प्रश्नाचे वजन फार असते. तो प्रश्न विचारणारी माणसे आपण राखली पाहिजेत. रुसून घरी बसलो तर ती माणसेही आपल्याला विसरतील आणि ज्यांना आपण नको आहोत त्यांचेच काम सोपे होईल.

आपल्या आनंदाचे दारही उघडे ठेवावे. ईदला शिरखुर्मा फक्त नातेवाइकांत वाटू नये. आडतवाला, हमाल, बँकेचा शिपाई, शेजारचा दुकानदार यांनाही बोलवावे. दुकानातल्या हिंदू कामगाराला दिवाळीचा पगार आधी द्यावा, पोळ्याला गावी जायला सुट्टी द्यावी. तो ईदच्या गर्दीत रात्री एक वाजेपर्यंत आपला गल्ला सांभाळतो.

या आठवड्यात करायची कामे

एक : पंचांग असलेले मराठी कॅलेंडर आणून हिजरी कॅलेंडरच्या शेजारी लावा. दोन : पुढच्या तीन वर्षांतला अधिक महिना शोधून त्यावर खूण करा. तीन : आपल्याकडे येणाऱ्या गावांची यादी करा आणि प्रत्येक गावची जत्रा, उरूस, बाजार लिहा. चार : मागच्या वर्षी सणात कोणती वस्तू "नाही" म्हणून गिऱ्हाईक परत गेले, ते आठवून लिहा, हे पान सर्वांत मोलाचे ठरेल. पाच : एका शेजारी दुकानदाराला विचारा की त्याच्या घरी कोणत्या सणाला काय घेतात. विचारण्यात कमीपणा नाही. आम्ही १९९९ मध्ये फेब्रुवारीतच विचारले असते तर घरच्या बांगड्या वाचल्या असत्या.

वालिदांची बयाज आता आमच्या मुलाकडे आहे. तो सारे काही मोबाईलमध्ये ठेवतो, तरी आम्ही त्याला वर्षातून एक पान हाताने लिहायला लावतो. तो मराठी शाळेत शिकला, म्हणून त्याची पाने देवनागरीत आहेत. अर्धी वही उर्दूत, अर्धी मराठीत. हिशोब एकाच दुकानाचा.

अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपला व्यवहार सचोटीचा ठेवो. आमीन.